स्मृतीतील धावपट्टी : अमेरिकेतील जुन्या ओव्हल मोटारशर्यती आणि चाहत्यांच्या आठवणी

सारांश :
विसाव्या शतकात अमेरिकेतील ओव्हल ट्रॅकवर धावणाऱ्या उघड्या चाकांच्या मोटारींच्या शर्यती या त्या देशातील लोकसंस्कृतीचा महत्त्वाचा भाग होत्या. यांपैकी अनेक धावपट्ट्या आज अस्तित्वात नाहीत आणि बहुसंख्य शर्यतींचे चित्रीकरणही उपलब्ध नाही. त्यामुळे या क्रीडाप्रकाराचा इतिहास मोठ्या प्रमाणात चाहत्यांच्या आठवणींवर उभा आहे. या आठवणी कोणत्या माध्यमांतून घडल्या, त्यांनी काय जपले आणि काय गाळले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे.

बीजशब्द : ओव्हल ट्रॅक, इंडियानापोलिस, सामूहिक स्मृती, मौखिक इतिहास, परंपरा, वंशभेद.

प्रस्तावना :
व्यक्ती एकटी आठवते, परंतु आठवण्याची चौकट तिला समाजाकडून मिळते, असे प्रतिपादन फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हाल्बवाक्स यांनी १९२५ मध्ये केले. सामूहिक स्मृतीचा अभ्यास करताना सामान्यतः युद्ध, फाळणी, स्थलांतर किंवा धार्मिक स्थळे यांचा विचार होतो. क्रीडाक्षेत्राकडे मात्र त्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. वास्तविक क्रीडाप्रेमी हा अत्यंत चिकाटीने आठवणारा वर्ग होय. वर्ष, क्रमांक, वेग, मोटारीचा रंग आणि चालकाची लकब हे सारे तो अनेक दशके मनात जपून ठेवतो. अमेरिकेतील जुन्या ओव्हल शर्यतींचे चाहते हे याचे ठळक उदाहरण आहे.

ओव्हल ट्रॅकची जडणघडण :
ज्या मोटारीची चाके यंत्राच्या सांगाड्याबाहेर, आच्छादनाविना असतात ती 'उघड्या चाकांची' मोटार होय. अशी चाके एकमेकांना भिडली असता मोटार हवेत उडण्याचा धोका असतो. या शर्यतींना ओव्हल म्हणजेच लंबवर्तुळाकार धावपट्टी लाभली, यामागे व्यावहारिक कारण होते. अमेरिकेतील कृषी जत्रांच्या मैदानांवर घोड्यांच्या शर्यतींसाठी अर्धा मैल किंवा एक मैल लांबीच्या मातीच्या धावपट्ट्या आधीपासूनच तयार होत्या. मोटारी आल्या तेव्हा त्या याच मातीवर धावू लागल्या. युरोपात शर्यती प्रारंभी एका शहरातून दुसऱ्या शहराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर होत. तेथील प्रेक्षकास मोटार क्षणभरच दिसे. ओव्हलभोवती बसलेल्या प्रेक्षकास मात्र बऱ्याचदा संपूर्ण शर्यत एकाच जागेवरून पाहता येई. शिवाय मैदानास कुंपण असल्याने तिकीट आकारणे शक्य होते.

इंडियानापोलिस येथील अडीच मैलांची धावपट्टी १९०९ मध्ये बांधण्यात आली. खडी व डांबराच्या पृष्ठभागावर प्राणघातक अपघात झाल्याने त्याच वर्षी तेथे सुमारे ३२ लाख विटा बसविण्यात आल्या आणि 'ब्रिकयार्ड' हे नाव रूढ झाले. ३० मे १९११ रोजी तेथे पहिली ५०० मैलांची शर्यत झाली. रे हॅरून यांनी ताशी सुमारे ७४.६ मैल या सरासरी वेगाने ती जिंकली. विटांचा पृष्ठभाग कालांतराने डांबराखाली गेला, तथापि आरंभ-समाप्ती रेषेवर विटांचा एक यार्ड रुंदीचा पट्टा जतन करण्यात आला आहे. विजेत्या चालकांनी तो वाकून चुंबण्याची प्रथाही आता रुजली आहे.

इंडियानापोलिसला पोहोचण्याचा मार्ग लहान गावांतील मातीच्या धावपट्ट्यांवरून जात असे. चालक प्रथम 'मिजेट' या छोट्या मोटारी, नंतर 'स्प्रिंट' मोटारी आणि अखेरीस राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या मोटारी चालवी. १९७० पर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या मालिकेत मातीवरील शर्यतींचाही समावेश होता. इटलीतून निर्वासित म्हणून आलेल्या कुटुंबातील मारिओ आंद्रेत्ती यांनी १९५९ मध्ये पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ या आपल्या गावच्या मातीवर शर्यतीस प्रारंभ केला आणि १९६९ मध्ये ते इंडियानापोलिसचे विजेते झाले. गावच्या मैदानात पाहिलेला तरुण पुढे राष्ट्रीय वीर झाला, ही भावना चाहत्यांच्या आठवणींचा गाभा आहे.

आठवणींची माध्यमे :
या आठवणींचे पहिले वैशिष्ट्य म्हणजे त्या दृश्यापेक्षा ध्वनी, गंध आणि स्पर्श यांवर अधिक आधारलेल्या आहेत. चार सिलिंडरच्या 'ऑफेनहाउसर' इंजिनाचा कर्कश आवाज, मिथेनॉल इंधनाचा डोळ्यांना झोंबणारा वास, वळणावर चाकांखालून उडून प्रेक्षकांच्या अंगावर येणारी ओली ढेकळे यांचे वर्णन त्यांत वारंवार येते. १९४७ ते १९६४ या काळातील इंडियानापोलिसची प्रत्येक शर्यत याच इंजिनाने जिंकली. साहजिकच एका संपूर्ण पिढीसाठी शर्यतीचा आवाज म्हणजे या इंजिनाचा आवाज होय. चालक उघड्या कक्षात बसलेला असल्यामुळे चक्राशी झगडणारे त्याचे हात प्रेक्षकांना दिसत. पुढील काळातील बंदिस्त मोटारींत हे दर्शन उरले नाही, अशी खंत चाहते व्यक्त करतात.

दुसरे माध्यम म्हणजे रेडिओ. इंडियानापोलिस धावपट्टीने १९५२ मध्ये स्वतःचे रेडिओ जाळे सुरू केले. त्याचे मुख्य निवेदक सिड कॉलिन्स यांचा आवाज १९७६ पर्यंत घरोघरी पोहोचत राहिला. संपूर्ण शर्यतीचे राष्ट्रीय दूरचित्रवाणीवरील थेट प्रक्षेपण १९८६ मध्ये सुरू झाले. खुद्द इंडियानापोलिस शहरात तर तिकीटविक्रीच्या हितासाठी थेट दूरचित्रवाणी प्रक्षेपण अनेक दशके रोखून धरण्यात आले होते. १०० व्या शर्यतीच्या वेळी, म्हणजे २०१६ मध्ये, ते शिथिल करण्यात आले. परिणामी धावपट्टीपासून काही मैलांवर राहणाऱ्या कुटुंबांनीही ही शर्यत अंगणात रेडिओ लावून 'ऐकली'. कानांनी ऐकलेले चित्र प्रत्येकाने मनात वेगळे रंगविले आणि म्हणूनच ते दीर्घकाळ टिकले.

तिसरे माध्यम मुद्रित कागदाचे. १९३४ मध्ये सुरू झालेले आणि पुढे 'नॅशनल स्पीड स्पोर्ट न्यूज' या नावाने प्रसिद्ध झालेले साप्ताहिक देशभरातील लहानमोठ्या धावपट्ट्यांचे निकाल छापत असे. बालपणी धावपट्टीवर हेच पत्र विकणारे ख्रिस इकॉनोमाकी १९५० मध्ये त्याचे संपादक झाले. २०११ मध्ये त्याचा मुद्रित अंक बंद पडला. शर्यतीचे कार्यक्रमपत्रक, त्यावर पेन्सिलीने भरलेला क्रम आणि तिकिटाचा तुकडा हे अनेक घरांतील खाजगी दफ्तरच होते.

स्मृतीची ही साधना किती दूर जाऊ शकते, याचे उदाहरण म्हणजे डोनाल्ड डेव्हिडसन. इंग्लंडमधील या तरुणाने इंडियानापोलिसच्या चालकांची सर्व कामगिरी मुखोद्गत केली होती. १९६४ मध्ये तो प्रथमच तेथे आला, तेव्हा त्याच्या स्मरणशक्तीने सारे थक्क झाले. पुढील वर्षी तो कायमचा तेथे स्थायिक झाला. शर्यत संघटनेचे सांख्यिक, रेडिओवरील निवेदक आणि अखेरीस धावपट्टीचे अधिकृत इतिहासकार असा प्रवास करून डेव्हिडसन २०२० च्या अखेरीस निवृत्त झाले. चाहत्याची आठवण येथे संस्थेचा दस्तऐवज बनली.

लुप्त झालेली स्थळे :
लॉस एंजलिसमधील गिलमोर स्टेडियम १९३४ पासून मिजेट शर्यतींचे माहेरघर होते. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी ते पाडण्यात आले आणि त्या परिसरात दूरचित्रवाणीचे भव्य केंद्र उभे राहिले. पेनसिल्व्हेनियातील लँगहॉर्न ही १९२६ ची धावपट्टी जवळजवळ पूर्ण वर्तुळाकार होती. तेथे सरळ रस्ताच नसल्याने चालकास सतत वळत राहावे लागे. तिच्या एका खडबडीत भागास 'प्यूक हॉलो', म्हणजे ओकारीची खळगी, असे नाव पडले होते. १९७१ मध्ये ती बंद झाली व तेथे बाजारसंकुल आले. कॅलिफोर्नियातील गार्डेना येथील अ‍ॅस्कॉट पार्क नोव्हेंबर १९९० मध्ये बंद पडले. शहरे वाढली, जमिनीचे मोल वाढले आणि आवाज व धूळ शेजाऱ्यांना नकोशी झाली, ही या लोपामागील प्रमुख कारणे होत. स्थळ नष्ट झाले की त्याचा नकाशा केवळ पाहणाऱ्यांच्या मनात उरतो. त्यामुळे या आठवणींना नकाशाचे मूल्य प्राप्त होते.

स्मृती आणि परंपरा :
तथापि स्मृती जशीच्या तशी नोंद करीत नाही. इंडियानापोलिसचा विजेता दूध पितो, ही प्रथा अखंड चालत आल्याचे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात १९३६ मध्ये लुई मेयर यांनी विजयानंतर आपल्या सवयीप्रमाणे ताक मागितले होते. त्याच्या छायाचित्रात दुग्धव्यवसायास जाहिरातीची संधी दिसली. १९४७ ते १९५५ या काळात ही प्रथा खंडित होती आणि १९५६ पासून ती पुन्हा स्थिरावली. परंपरा अनेकदा अलीकडे घडविलेल्या असतात, हे एरिक हॉब्सबॉम व टेरेन्स रेंजर यांनी संपादित केलेल्या १९८३ च्या ग्रंथातील सूत्र येथे लागू पडते.

निकालांच्या बाबतीतही असेच दिसून येते. १९११ मध्ये फेऱ्या मोजण्यात गोंधळ झाल्याने खरा विजेता राल्फ मलफर्ड होता, असे मानणारा वर्ग आजही आहे. १९८१ मध्ये बॉबी अन्सर प्रथम आले, दुसऱ्या दिवशी दंड होऊन आंद्रेत्ती विजेते ठरले आणि ऑक्टोबरमध्ये अन्सर यांना विजय परत मिळाला. अधिकृत निर्णय एक असला तरी चाहत्यांची निष्ठा दोन बाजूंना विभागलेलीच राहिली.

या आठवणींतील सर्वांत कठीण विषय म्हणजे मृत्यू. १९५३ व १९५४ चे विजेते बिल वुकोविच १९५५ मध्ये आघाडीवर असताना अपघातात मरण पावले. १९६४ मध्ये दुसऱ्याच फेरीत एडी सॅक्स आणि डेव्ह मॅक्डोनाल्ड आगीत दगावले. त्या वेळी कॉलिन्स यांनी रेडिओवर उत्स्फूर्तपणे वाहिलेली श्रद्धांजली श्रोत्यांच्या मनात कोरली गेली. इंडियानापोलिसच्या मोटारींत उलटल्यास डोके वाचविणारा लोखंडी दांडा १९५९ मध्ये सक्तीचा झाला. म्हणजे त्यापूर्वीच्या 'निर्भय' चालकांच्या शौर्यकथांमागे साध्या संरक्षणाचाही अभाव होता. स्मृतीने धैर्य जपले, परंतु हलगर्जी बहुधा विसरली.

एकाच मातीवरील दोन स्मृती :
स्मृतीची निवड सर्वांत स्पष्टपणे दिसते ती इंडियाना राज्याच्या जत्रा-मैदानावर. तेथील एक मैलाच्या मातीवर १९५३ पासून 'हूजियर हंड्रेड' ही १०० मैलांची शर्यत होऊ लागली. जुन्या चाहत्यांच्या आठवणींत तिला मानाचे स्थान आहे. परंतु त्याच मैदानावर, तितक्याच अंतराची 'गोल्ड अँड ग्लोरी' ही शर्यत १९२४ मध्ये सुरू झाली होती. तत्कालीन राष्ट्रीय संघटनेने कृष्णवर्णीय चालकांना दारे बंद केल्यामुळे त्यांनी स्वतः उभारलेली ही शर्यत होती. इंडियानापोलिसमधील कुशल मेकॅनिक चार्ली विगिन्स हे तिचे सर्वांत नावाजलेले विजेते. १९३६ मधील अपघातात त्यांना पाय गमवावा लागला आणि त्या वर्षानंतर ती शर्यतही थांबली. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी तिची दखल घेतली होती, मात्र शर्यतप्रेमींच्या प्रचलित आठवणींत ती जवळजवळ नव्हतीच. टॉड गूल्ड यांचा २००२ मधील ग्रंथ आणि त्यानंतरचा माहितीपट यांमुळे ती पुन्हा प्रकाशात आली.

इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत पहिला कृष्णवर्णीय चालक, विली टी. रिब्स, १९९१ मध्ये उतरला. स्त्रियांना तेथील पिट व गॅरेजमध्ये १९७१ पर्यंत प्रवेश नव्हता. जॅनेट गथ्री १९७७ मध्ये तेथे शर्यतीत उतरणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. ज्या काळाला 'सुवर्णयुग' म्हटले जाते, त्याच काळात ही दारे बंद होती. एकच माती, एकच अंतर, एकच शहर, तरी एक शर्यत आठवणीत राहिली आणि दुसरी राहिली नाही. कारण कोणाच्या आठवणी छापल्या व पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात, यावर सामूहिक स्मृती ठरते.

ही बाब केवळ भावनेपुरती मर्यादित नाही. १९९६ मध्ये अमेरिकेतील उघड्या चाकांच्या शर्यतींत फूट पडली, तेव्हा नव्या मालिकेने केवळ ओव्हल ट्रॅक आणि गावच्या मातीतून येणारे अमेरिकी चालक यांचा पुरस्कार केला. 'पूर्वी असे होते' या आठवणीचेच ते धोरणात झालेले रूपांतर होते. दोन्ही गट २००८ मध्ये एकत्र आले, परंतु तोपर्यंत प्रेक्षकवर्गाची मोठी हानी झाली होती.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, चाहत्यांच्या आठवणी हे या क्रीडा-इतिहासाचे अपरिहार्य साधन आहे. लुप्त स्थळांची रचना, इंजिनाचा नाद आणि प्रेक्षकांचा अनुभव अधिकृत नोंदवहीत सापडत नाही. मात्र ज्या पिढीने १९५० च्या दशकातील शर्यती प्रत्यक्ष पाहिल्या ती आता झपाट्याने ओसरत आहे. म्हणून या आठवणी वेळीच संकलित करणे निकडीचे आहे. ते करताना सांगणाऱ्यास केवळ 'काय पाहिले' हे विचारून भागणार नाही. त्या मैदानाच्या फाटकाबाहेर कोण उभे होते, हाही प्रश्न विचारावा लागेल. तसे केल्यासच स्मृतीचे इतिहासात रूपांतर होऊ शकेल.