नैरोबी ते मोम्बासा : विमान एक तासाचे, सफर साडेचार तासांची

पूर्व आफ्रिकेत कापडाचा व्यापार करू इच्छिणारे आपले बांधव आम्हांला नेहमी विचारतात, "नैरोबीहून मोम्बासा किती लांब?" नकाशावरचे उत्तर सोपे आहे. हवाई अंतर सुमारे ४२५ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ मुंबई ते गोव्याइतकेच. विमान साधारण एका तासात उतरते. पण व्यापाऱ्याने या एका तासावर वायदा करू नये. आम्ही केला आणि नुकसान सोसले.

मोम्बासाच्या बियाशारा स्ट्रीटवर कांगाची दुकाने आहेत. कांगा म्हणजे चारी बाजूंनी किनार आणि खाली स्वाहिली म्हण छापलेले सुती वस्त्र. ते जोडीनेच विकले जाते. आपल्याकडे गुजरातमधील जेतपूरलाही असा माल छापून आफ्रिकेला जातो. ईदच्या मोसमाची ऑर्डर घेण्यासाठी आम्ही तिथल्या एका दुकानदाराला शुक्रवारी सकाळी साडेनऊची वेळ दिली. आठचे विमान नऊला उतरणार, असा आमचा हिशेब. विमान वेळेवर उतरले, पण नमुन्यांची पेटी मागच्या विमानाने आली. दुकानापाशी पोहोचलो तेव्हा जुम्यासाठी कुलूप लागले होते. नमाजनंतर भेट झाली, पण तोवर ऑर्डर दुसऱ्याला गेली होती. दुकानदाराचा दोष नव्हता. वायदा आमचा होता.

तेव्हापासून आम्ही घरापासून दुकानापर्यंतचा वेळ मोजतो. नैरोबी शहरातून विमानतळावर जायला एक तास, तपासणीसाठी दीड तास, उड्डाण एक तास, सामान घेऊन मोम्बासा बेटावरील बाजारात पोहोचायला आणखी एक तास. एकूण साडेचार तास.

दुसरी सोय रेल्वेची. हा मार्ग आपल्या लोकांना परका नाही. १८९६ साली मोम्बासाहून जुन्या रेल्वेचे काम सुरू झाले. हिंदुस्थानातून नेलेल्या हजारो मजुरांच्या घामावर ती १८९९ मध्ये नैरोबीला पोहोचली. या जुन्या गाडीत प्रवाशांची रात्र जाई. २०१७ मध्ये नवा रुंद मार्ग सुरू झाला आणि आता गाडी पाच-सहा तासांत पोहोचते. मात्र नैरोबीचे स्टेशन स्योकिमाऊला आणि मोम्बासाचे मिरितीनीला, दोन्ही शहराबाहेर. जाणे-येणे आणि तपासणी धरून आठ तास लागतात.

तिसरा मार्ग रस्त्याचा, सुमारे ४८० किलोमीटर. बंदराच्या ट्रकांची गर्दी असल्याने बसला आठ-नऊ तास, कधी अधिक. पण रात्रीची बस मुक्कामाचा खर्च वाचवते.

म्हणजे विमान आणि रेल्वे यांत फरक साडेतीन तासांचाच. हातात फक्त वही असेल आणि त्याच दिवशी परतायचे असेल तर विमान घ्यावे. नमुन्यांचे ओझे असेल तर आदल्या दिवशी रेल्वेने जावे, रात्री आराम करावा आणि दुकान उघडताना दारात हजर असावे. शुक्रवारी सकाळची भेट तर ठेवूच नये.

तिकिटाचे पैसे वाचले की गेले, याचा हिशेब मागाहून जुळवता येतो. मोसमाची ऑर्डर एकदा हातची गेली की पुढच्या ईदपर्यंत थांबावे लागते.