जमीन घेताना बुद्धीची सावड

घरी एकच बैल असला की पेरणीला शेजाऱ्याचा बैल जोडीला घेऊन सावड करायची, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. पण तीच मंडळी पाच-दहा लाखांची जमीन घ्यायला निघाली की शेजाऱ्यालाच काय, घरातल्या बाईलासुद्धा पत्ता लागू देत नाहीत! बोभाटा झाला तर दुसरा कोणी घेऊन टाकील, ही भीती. आणि दलालही हेच कानात सांगत असतो, कारण चार लोकांनी कागद पाहावेत हे त्याला परवडणारे नसते.

दुसऱ्याला कशाला नावे ठेवा? मी स्वतः बी.एस्सी. अ‍ॅग्री झालेला. माती तपासल्याशिवाय खताची गोणी फोडू नका, असे उभा जन्म लोकांना सांगत आलो. बारा वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावाजवळ तीन गुंठ्यांचा तुकडा घेतला तेव्हा मात्र काहीच तपासले नाही. जागा पाहून आल्यावर घरच्यांनी एवढेच विचारले होते, "रस्ता कोणाच्या वावरातून आहे हो?" मी म्हणालो, "तुला काय कळतं त्यातलं?" खरेदीखत झाले, पेढे वाटले. पुढे फेरफार नामंजूर झाला, कारण शेतजमिनीतला एवढा लहान तुकडा १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात बसत नव्हता. आणि रस्ता? तो खरोखरच दुसऱ्याच्या वावरातून होता आणि त्याने काटे लावले. साडेचार लाख रुपये आजही तिथे पडून आहेत.

म्हणूनच वैजापूर-गंगापूर पट्ट्यातल्या एका गावची गोष्ट आज सांगावीशी वाटते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग तुम्हाला माहीतच आहे. ७०१ किलोमीटरचा, दहा जिल्ह्यांतून जाणारा. त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्यासाठी जमिनी गेल्या तेव्हा बऱ्याच घरांत आयुष्यात कधी न पाहिलेली रक्कम एकदम आली. गाड्या आल्या, लग्ने झाली, आणि उरलेल्या पैशांतून पुन्हा जमीन घ्यावी म्हणून लोक निघाले. या गावात दोघांचा इसार एकाच जमिनीपायी बुडाला. मूळ मालकाने दोघांकडूनही पैसे घेतले होते, आणि हे दोघे शेजारी असूनही एकमेकांपाशी बोलले नव्हते!

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात नऊ जण बसतात. सात पुरुष, दोन बाया. सगळे जमिनीत पैसे घालणारे किंवा घालू पाहणारे. शहरात व्यापारी मंडळी अशा बैठकीला 'मास्टरमाइंड ग्रुप' म्हणतात. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाला बेंजामिन फ्रँकलिन या छापखान्यातल्या तरुणाने १७२७ साली कारागीर मित्रांचे असेच मंडळ काढले होते. ते शुक्रवारी जमत आणि गावात अलीकडे कोणाचा धंदा बुडाला, का बुडाला, हाही त्यांच्या ठरलेल्या प्रश्नांपैकी एक असे. आमच्या या नऊ जणांनी फ्रँकलिनचे नाव ऐकलेले नाही, पण पहिला प्रश्न त्यांचाही हाच असतो.

बैठकीची रीत साधी आहे. ज्याला काही घ्यायचे असेल त्याने सातबारा, आठ-अ, जुने फेरफार आणि गटाचा नकाशा पुढे ठेवायचा. बाकी प्रत्येकाने निदान एक तरी प्रश्न विचारायचा. नुसती मान हलवायची नाही. एक जण 'इतर हक्क' या रकान्यातला बँकेचा बोजा पाहतो. दुसरा कुळकायद्याची नोंद आहे का, जमीन भोगवटादार वर्ग दोनची आहे का, हे पाहतो. निवृत्त गुरुजी नकाशावर पाणंद शोधतात. माझ्यासारख्याला त्यांची गाठ आधी पडायला हवी होती!

पण कागदावर नसलेले सांगणारी माणसे हीच अशा बैठकीची खरी कमाई. दोन वर्षांपूर्वी एका तरुणाने शेजारच्या गावची दोन एकर विहिरीची जमीन ठरवली. सातबारावर एकट्या भावाचे नाव, बोजा नाही, भाव बेताचा. इसार दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. बैठकीतल्या वयस्क काकूंचे माहेर नेमके त्याच गावचे. त्या म्हणाल्या, "अरे, त्याला तीन बहिणी आहेत. दोघींनी हक्कसोड करून दिलंय. धाकटीनं दिलेलं नाही, ती माझ्या नात्यात आहे." २००५ च्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे आता गावोगाव ठाऊक आहे, पण सौद्याच्या घाईत ते आठवत नाही. पोरगा रागावून उठून गेला. "काकू, तुम्हाला माझं चांगलं बघवत नाही" इथपर्यंत बोलला. दुसऱ्या गुरुवारी मान खाली घालून आला. मग त्या बहिणीला रीतसर बोलावले, तिचा वाटा ठरला, सौदा थोडा महाग पडला, पण खरेदीखतावर तिचीही सही झाली. आज त्या जमिनीत त्याचा ऊस उभा आहे.

अशी बैठक करायची तर काही पथ्ये पाळावी लागतात. त्यात दलाल घ्यायचा नाही, मग तो सख्खा मेहुणा का असेना. आपसात उसने पैसे नाहीत. पैसे आले की खरे बोलणे संपते. ज्याचा त्याच जमिनीवर डोळा असेल त्याने त्या दिवशी उठून जायचे. देवळातले बोलणे देवळात राहिले पाहिजे. आणि नुकसान झाले असेल तर तेही सांगायचे, हे सर्वांत अवघड! आपल्याकडे फायदा पारावर सांगतात आणि तोटा गोठ्यात.

बैठक म्हणजे वकील नव्हे, हेही ध्यानात घ्या. जुन्या नोंदींचा शोध, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, सरकारी मोजणी यांना पर्याय नाही. तुकडेबंदीत अलीकडे शहरांलगत सवलती आल्या आहेत, त्या आपल्या गटाला लागू पडतात की नाही हे महसूल कचेरीतच विचारावे. दुसरा धोका असा की नऊ जण एकत्र बसले की नऊही जण एकाच खड्ड्यात पडू शकतात. या गावातही एकदा 'इथे महामार्गाचा फाटा निघणार' अशी आवई उठली आणि चौघांनी मिळून माळरान घेतले. फाटा निघाला नाही. माळरानावर सध्या शेळ्या चरतात. तेव्हापासून एकाने मुद्दाम उलट बाजूने बोलायचे, अशी पाळी लावली आहे.

माणसे एकत्र टिकली तर गोष्ट सल्ल्याच्या पुढेही जाते. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्यात सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली जवळपास ४०० एकर जमीन बिल्डरांना सुटी सुटी न विकता एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले. २००० सालाच्या सुमारास बांधकाम सुरू झाले. जमिनीची किंमत एकदा घेऊन मोकळे होण्याऐवजी त्यांची कुटुंबे त्या नगरीच्या कमाईत वाटेकरी राहिली. पुण्याचा शेजार प्रत्येक गावाला नसतो, हे खरेच. आणि ती बहुतेक भावकीची माणसे होती. भावकी बांधावरून एकमेकांची डोकी फोडताना मी इतक्या वेळा पाहिली आहे, की यातली एकी मला जमिनीच्या भावापेक्षा मोठी वाटते.

असो. गेल्या महिन्यात मीही त्या बैठकीला रीतसर विचारले, "माझा एक कागद बघाल का?" काकू हसल्या. म्हणाल्या, "साहेब, वहिनींनाही घेऊन या." तेव्हा येत्या गुरुवारी आम्ही दोघे जाणार आहोत. नकाशा गुरुजींकडे आधीच पाठवला आहे. त्यांना गटाच्या उत्तरेला जुन्या पाणंदीची एक रेघ दिसते आहे म्हणतात.