ढबू पैशाची शाई

कुणाच्या हाताला वळण असलं, गळ्यात सूर असला, की आपल्याकडे चटकन म्हणतात, ‘देवाचं देणं आहे!’ मराठीत देणं म्हणजे देणगी, आणि देणं म्हणजे फेडायची बाकीसुद्धा. बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला दासोपंतांची कथा ऐकताना हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून जातात.

दासोपंत शके १४७३चे (इ.स. १५५१), नारायणपेठच्या देशपांड्यांच्या घरातले. आख्यायिका अशी : वडील दिगंबरपंतांकडे बिदर दरबारचा सारा थकला आणि पोरगा ओलीस राहिला. मुदतीत रक्कम न आल्यास धर्मांतर. ऐन वेळी दत्ताजी पाडेवार नावाचा कुणी येऊन पैसे भरून गेला. तो साक्षात दत्तात्रेय, असं परंपरा मानते. इतिहास म्हणून हे कुणी तपासू जाऊ नये. पण पुढचं अफाट लेखन समजायला ही कथा लागते.

त्या लेखनातली पाहण्याजोगी वस्तू म्हणजे अंबाजोगाईत जपलेली पासोडी. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाडं कापड. हे सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद आहे. त्यावर दासोपंतांनी ‘पंचीकरण’ लिहिलं, तेही नुसत्या ओव्यांनी नव्हे, तर आकृत्या नि कोष्टकं आखून. विषयच कोष्टकाचा आहे. प्रत्येक महाभूताचे दोन भाग करायचे; एक अर्धा तसाच ठेवायचा, दुसऱ्याचे चार तुकडे करून बाकीच्या चौघांना वाटायचे. म्हणजे मातीत निम्मी माती, आणि पाणी, तेज, वारा, आकाश यांचा एकेक अष्टमांश. तोंडी सांगताना श्रोता इथंच हरवतो. चौकट आखली की बोट ठेवून दाखवता येतं. वेदान्ताचा असा भिंतीएवढा तक्ता काढणाऱ्याला मी आधी हाडाचा शिक्षक म्हणेन, संत मागाहून.

कुतूहल म्हणून मी मांजरपाटाच्या तुकड्यावर बोरूनं लिहून पाहिलं. पहिल्याच कान्याची शाई धाग्याधाग्यानं पसरली आणि ‘का’चा ढग झाला. मग कापडाला खळ दिली, वाळवलं, गुळगुळीत वाटीनं घोटलं. तेव्हा कुठं अक्षर जागेवर राहिलं. बोरू मात्र विणीत अडकतच होता. चार ओळींत मान धरली. खोडायची सोय नाही, ते वेगळंच.

दासोपंतांना रोज एक ढबू पैशाची शाई लागे, अशी दंतकथा आहे. हिशेब शाईचा ठेवला हे मला फार आवडतं. साक्षात्कार मोजता येत नाही, दौत मोजता येते. त्यांच्या ‘गीतार्णवा’च्या सव्वा लाख ओव्या परंपरा सांगते. रोज वीस धरल्या, एकही खाडा नाही, तरी सतरा वर्षं होतात. शिवाय इतर ग्रंथ आणि ढीगभर पदं. इथं देवानं हात दिला असेलही. बोरू तासायचं काम काही त्यानं केलेलं दिसत नाही.

माघ वद्य षष्ठी, शके १५३७ला दासोपंतांनी देह ठेवला. समाधी अंबाजोगाईलाच आहे. पदांच्या शेवटी त्यांची मुद्रिका येते ती ‘दिगंबर’. ती दत्ताची, यात शंका नाही. पण वडीलही दिगंबरपंतच. ज्याच्याकडे सारा थकला तो दिगंबर, आणि ज्यानं भरला तोही.