काचमण्यांवरील हत्यारांच्या खुणा

डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या मार्गदर्शनाखाली १९५४ ते १९५६ या काळात नेवासे येथे झालेल्या उत्खननात काचेचे मणी मिळाले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीतही ते मिळाले आहेत. अशा मण्यांचे वर्गीकरण बहुधा रंग व आकार यांवरून केले जाते. परंतु एकच आकार अनेक रीतींनी घडविता येतो. कारागिराची हत्यारे तर उत्खननात क्वचितच ओळखू येतात. म्हणून त्यांचा पुरावा मण्याच्या अंगावरच शोधावा लागतो.

मणी घडविण्याच्या प्रमुख रीती दोन. पहिलीत मऊ काचेचा धागा मातीचा लेप दिलेल्या लोखंडी सळईभोवती गुंडाळतात. लेपामुळे निवालेला मणी सळईवरून सुटतो. काच मऊ असतानाच सळई सपाट पाट्यावर फिरविली, की मणी दंडगोल होतो. खोबणीत फिरविल्यास खोबणीचा आकार घेतो. चपट्या चिमट्याने दाबल्यास पैलू पडतात, तर बोथट पात्याने खाचा. हत्यार टेकविण्याची वेळ येथे महत्त्वाची होय. काच अतितप्त असल्यास आकार ढळतो, फार निवालेली असल्यास ती तडकते.

दुसऱ्या रीतीत काचेची पोकळ नळी ओढून तिचे तुकडे करतात. आंध्र प्रदेशातील पापानायडुपेट येथील कारागिरांची ही रीत अभ्यासकांनी विसाव्या शतकात नोंदविली. तेथे लोखंडी नळीवर घेतलेला काचेचा गोळा आतून दांड्याने भेदून त्यातून नळी ओढली जाई. तुकडे राखेत घोळून पुन्हा तापविल्यावर त्यांच्या कडा गोल होत. राखेमुळे वेज बुजत नसे. एकेका मण्यास आकार देणारे हत्यार येथे लागत नाही.

हा भेद साध्या भिंगातूनही दिसू शकतो. गुंडाळलेल्या मण्यात बुडबुडे व रेषा वेजाभोवती वळतात. ओढीव मण्यात त्या वेजाला समांतर लांबतात. ओढीव मणीही पुढे चिमट्याने दाबलेला असू शकतो. तेव्हा हत्याराची खूण घडणीतील अखेरची क्रिया सांगते. आरंभीची क्रिया बुडबुड्यांच्या दिशेवरून कळते. दोन्ही एकत्र वाचणे अवश्य आहे.

या विवेकाचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही. गुंडाळीव मणी लहान भट्टीवर एकटा कारागीरही करू शकतो. पापानायडुपेटच्या रीतीस मोठी भट्टी व अनेक हात लागत. रीत चुकीची ठरविल्यास त्या मण्यामागील उद्योगाचे चित्रच बदलते. शिवाय मणी सापडला म्हणजे तो तेथेच घडला, असेही नव्हे. त्यासाठी कच्ची काच, अर्धवट मणी आणि मोडके तुकडे यांची साक्ष हवी. उत्खननाच्या नोंदीत रंगाबरोबरच बुडबुड्यांची दिशा लिहिली गेली, तरच पुढील अभ्यासकास हा निर्णय पुन्हा तपासता येईल.