पाणी मी पाहिलं का?

स्मृतीच्या वाटेवर : लेखांक १७

या आठवड्यात नैराश्यातल्या आठवणींबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. नैराश्यात माणसाला नेमके प्रसंग का आठवत नाहीत, सगळं गुळगुळीत का होऊन जातं, हा विषय माझ्या फार जवळचा आहे आणि टिपणंही तयार होती. पण सोमवारी एका वाचक ताईंचं पत्र आलं आणि चार दिवस डोक्यात दुसरं काही शिरेना. ते टिपण पुढच्या आठवड्यावर गेलं.

ताई मूळच्या शनिवार पेठेतल्या, आता मुलाकडे बावधनला असतात. खात्रीच्या वाटणाऱ्या आठवणीही कशा चुकतात, हे मागच्या लेखांकात वाचून त्या अस्वस्थ झाल्या. लिहितात, ‘१२ जुलै १९६१ ला मी पावणेतीन वर्षांची होते. मला पुराचं पाणी आठवतं. मी कुणाच्या तरी खांद्यावर आहे, खाली जिन्याच्या चौथ्या-पाचव्या पायरीपर्यंत तपकिरी पाणी आहे आणि त्यात एक पाट तरंगतोय, गोल गोल फिरतोय. माझा थोरला भाऊ म्हणतो, तू तेव्हा पुण्यात नव्हतीसच, आईबरोबर वाईला आजोळी होतीस. बहीण म्हणते, होतीस. आई-वडील दोघंही गेले. जन्मभर सगळ्यांना सांगत आले की मी पानशेतच्या पुरातून वाचलेली आहे. मुलांना सांगितलं, नातवंडांना सांगितलं. आता काय सांगू?’

त्यांनी ‘काय खरं’ असं विचारलेलं नाही. ‘काय सांगू’ असं विचारलं आहे. मला या दोन प्रश्नांत फार अंतर दिसतं. तरीही आधी पहिल्याकडे वळू, कारण दुसऱ्याची वाट तिथूनच जाते.

पावणेतीन हे वय अडचणीचं आहे. मोठ्या माणसांना त्यांची सगळ्यात जुनी आठवण विचारली, तर ती सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची निघते. त्याआधीचं काही टिकतच नाही असं नाही, पण त्या वयातल्या चित्राला मागाहून ऐकलेल्या गोष्टींचा लेप फार लवकर बसतो. ज्याँ पियाजे हे मुलांच्या विचारप्रक्रियेचे मोठे अभ्यासक. त्यांच्या लहानपणी, बाबागाडीत बसवून पॅरिसच्या शाँझेलिझेवरून नेत असताना, एका माणसाने त्यांना पळवायचा प्रयत्न केला. दाईने झटापट करून वाचवलं. तिच्या चेहऱ्यावरचे ओरखडे, जमलेले लोक, धावत आलेला पोलीस, सगळं पियाजेंना लख्ख दिसायचं. ते पंधरा वर्षांचे असताना दाईचं पत्र आलं. गोष्ट तिने रचलेली होती, आणि बक्षीस मिळालेलं घड्याळ ती परत करत होती. घरच्यांच्या तोंडून ऐकलेली गोष्ट मुलाच्या मनात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं दृश्य होऊन बसली होती.

हे फक्त तान्ह्या वयात होतं असंही नाही. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी २००१ साली जुळ्या भावंडांवरचं एक काम प्रसिद्ध केलं. मोठ्या झालेल्या जुळ्यांना शब्द देऊन आठवणी सांगायला लावल्या. निम्म्याहून जास्त जोड्यांत एक तरी आठवण अशी निघाली, की दोघंही म्हणाले, ‘हे माझ्या बाबतीत घडलं, तुझ्या नाही.’ पडला कोण, शर्यतीत धावला कोण, यावर चक्क वाद. ज्यांचं बालपण एका खोलीत गेलं, त्यांच्या आठवणींना वेगळी कुंपणं राहत नाहीत.

मी ताईंना फोन केला आणि एकच विचारलं, ‘पाट दिसतो तेव्हा तुम्ही स्वतः दिसता का?’ त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘हो. लाल झबलं आहे अंगात. मी मला पाठमोरी दिसते.’ आठवणी दोन तऱ्हांनी दिसतात. एक, आपल्याच डोळ्यांतून, म्हणजे त्यात आपण नसतो, समोरचं जग असतं. दुसरी, बाहेर उभं राहून पाहिल्यासारखी, जिच्यात आपणही एक पात्र असतो. जुन्या, पुन्हा पुन्हा सांगितलेल्या आठवणी बहुधा दुसऱ्या तऱ्हेकडे सरकतात. म्हणून ती आठवण खोटी ठरत नाही. ती अनेकदा हाताळली गेली आहे, एवढंच त्यावरून कळतं. पाठमोरं लाल झबलं पाहणारे डोळे कदाचित बहिणीचे असतील. कदाचित आईचे. ताई वाईला असतील किंवा नसतीलही, ते माझ्याकडून ठरणार नाही.

इथवर शास्त्र झालं. पण ताईंच्या पत्रात आणखी एक वाक्य होतं, ते मी वर दिलं नाही. ‘पुरानंतर आमचा वाडा गेला आणि सगळे पांगले. नाहीतर कुणाला तरी विचारलं असतं.’ मला सगळं मर्म त्या वाक्यात सापडलं.

मोरिस हाल्बवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की माणूस एकट्याने आठवतच नाही. घर, आळी, धर्म, धंदा यांच्या चौकटी असतात आणि आठवण त्यांच्या आधाराने उभी राहते. चौकट गेली की आठवण कोसळते किंवा भलत्या जागी टेकते. त्याने जागेबद्दलही लिहिलं आहे. रस्ते, भिंती, घरांचे कोपरे हे त्या माणसांच्या स्मृतीचे खांब असतात, म्हणून कुणी ते हलवायला आलं की लोक एवढे जीव तोडून विरोध करतात. हाल्बवाक्स १९४५ साली बुखेनवाल्डच्या छळछावणीत मरण पावला. पुढच्या पुस्तकाची त्याने मागे ठेवलेली हस्तलिखितं नंतर छापली गेली.

पेठेतला वाडा ही अशीच चौकट होती. दहा-बारा बिऱ्हाडं, मधला चौक, एक आड, सामायिक जिना. कोणत्या घरी कोण केव्हा जन्मलं, कोण कुणाच्या लग्नाला गेलं नव्हतं, हे दहा तोंडांना माहीत. एकाची आठवण चुकली तर समोरच्या ओटीवरून कुणी तरी ‘अहो, नाही हो’ म्हणायचं. आठवणीची दुरुस्ती रोज, फुकट आणि न मागता व्हायची. पुराने भिंती पाडल्या, तशी ही सोयही मोडली.

त्या दिवसाचा क्रम पुणेकरांना सांगायला नको. आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण अजून पुरं झालेलं नव्हतं. रात्रभर जवान वाळूची पोती रचत होते. सकाळी धरण फुटलं, दुपारी ते पाणी न पेलून खालचं खडकवासल्याचं धरणही फुटलं, आणि रात्रीपर्यंत नदीकाठच्या पेठांमध्ये फक्त चिखल उरला. फुटायला उजाडलं म्हणून किती जीव वाचले, हे त्या पिढीतला प्रत्येक जण सांगतो आणि जवानांचं नाव घेतो. पुढची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. गोखलेनगर, लोकमान्यनगर, दत्तवाडी, सहकारनगर या नावांमागे पूरग्रस्तांची किती बिऱ्हाडं आहेत! डोक्यावर छप्पर आलं, आणि ते फार मोठं काम होतं. पण ज्या माणसांबरोबर जन्म गेला, ती शेजारी आली नाहीत.

हे नुसतं हळहळण्यासारखं आहे का, की मनाच्या आरोग्याशी त्याचा काही संबंध आहे? याचं उत्तर माझ्या माहितीत सगळ्यात नीट दिलं ते काय एरिक्सन या समाजशास्त्रज्ञांनी. (‘ओळखीचा पेच’ ही कल्पना ज्यांनी जगभर नेली ते एरिक एरिक्सन हे त्यांचे वडील. बापाने एका माणसाच्या ओळखीचा विचार केला, मुलाने गावाच्या.) अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीक नावाचं एक अरुंद खोरं आहे, कोळशाच्या खाणींचं. २६ फेब्रुवारी १९७२ च्या सकाळी खाणीच्या गाळाचा बांध फुटला. १२५ माणसं गेली. खोऱ्यात जेमतेम पाच हजार वस्ती, त्यातली चार हजार बेघर झाली. वाचलेल्यांनी खाण कंपनीवर दावा लावला आणि त्यांच्या वकिलांनी एरिक्सन यांना तिथे पाठवलं. दीड-दोन वर्षांनीही लोक झोपत नव्हते, पावसाचा आवाज आला की दारात जाऊन उभे राहत होते. हे अपेक्षितच होतं. एरिक्सन यांना नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ज्यांनी पाणी जवळून पाहिलं आणि ज्यांनी फारसं पाहिलंच नाही, त्यांच्या तक्रारी बऱ्याचशा सारख्या होत्या.

कारण शोधता शोधता ते तात्पुरत्या छावण्यांपाशी आले. सरकारने चाकांवरची घरं आणून ठेवली आणि ज्याचा नंबर आधी त्याला ते घर, असं वाटप केलं. जुने शेजार विस्कटले. एका रांगेत राहणारी माणसं एकमेकांना ओळखत नव्हती. एरिक्सन यांनी १९७६ साली लिहिलेल्या पुस्तकात दोन आघात वेगळे केले: एक माणसाच्या मनावरचा, एकदम होणारा, आणि दुसरा माणसांना जोडणाऱ्या धाग्यांवरचा, हळूहळू जाणवणारा. पहिला बरा व्हायला जो आधार लागतो, तोच दुसऱ्यात गेलेला असतो. ‘मी’ जखमी आहे, पण ‘आम्ही’ उरलेलोच नाही. मग सावरायचं कुणाच्या आधाराने?

हे पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी आत्या दिसायला लागली.

आत्या नारायण पेठेतून लोकमान्यनगरात आलेली. पुराबद्दल ती बोलत नसे. विषय निघाला की उठून गॅस बारीक करायला जायची, गॅस बंद असला तरी. वाड्यातून वाचवून आणलेलं एक सागवानी कपाट तिच्याकडे होतं, त्याचा सगळ्यात खालचा खण १९६१ पासून अडकलेला. लाकूड फुगलेलं. १९९४ च्या दिवाळीआधी मी सुताराला बोलावलं. त्याने मागची फळी सोडवली आणि खणाच्या सांध्यांतून गाळ पडला. वर्तमानपत्रावर पसाभर. मेंदीच्या पुडीसारखा मऊ, तपकिरी-काळा, इतका बारीक की फुंकरीने उडावा. खणात एक लाकडी फणी होती आणि तिच्या दातांमध्येही तोच गाळ, दाबून बसवल्यासारखा. आत्याने चिमूटभर उचलून बोटांवर चोळला, हुंगला, आणि खाली बसली.

त्या दिवशी ती दोन तास बोलली. पाण्याबद्दल फारच थोडं. सगळं बोलणं बिऱ्हाडांचं. खालच्या मजल्यावरचे कुठे गेले, मधल्या खोलीतली विधवा बाई कुणाकडे राहिली, समोरच्या मुलीचं लग्न ठरलं होतं ते झालं की नाही. बोटं मोडत तेरा बिऱ्हाडं मोजली. अकरांचा पत्ता तिला सांगता आला. ‘दोन राहिली,’ म्हणाली. तेहतीस वर्षं तिच्या मनात काय चाललं होतं, ते मला तेव्हा कळलं. ती हजेरी घेत होती.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण माझे विद्यार्थीही इथे घाई करतात. आत्याला आम्ही आधीच बोलतं करायला हवं होतं का? पुष्कळांना वाटतं की आपत्तीतून वाचलेल्या माणसाला लगेच सगळं सांगायला लावावं, म्हणजे मन मोकळं होतं. आघातानंतर लगेच, एकाच बैठकीत असं वदवून घेण्याची पद्धत बरीच वर्षं चालली. मग तिची नीट तपासणी झाली, तेव्हा पुढचा त्रास टाळायला तिचा उपयोग दिसला नाही. काही जणांचा त्रास वाढल्याचंही दिसलं. माणूस स्वतःच्या वेळेला, स्वतःच्या माणसांत, हाताला काहीतरी लागल्यावर बोलतो. ज्याला झोप नाही, ज्याला तोच प्रसंग दिवसाढवळ्या पुन्हा पुन्हा समोर दिसतो, त्याने जाणकाराकडे जायलाच हवं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. पण आत्याचं दुखणं त्या जातीचं नव्हतं. तिला तेराच्या तेरा घरं हवी होती.

आता ताई, तुमच्याकडे येतो.

तुम्ही पुरातून वाचलेल्या आहात हे तुम्ही खुशाल सांगा. तुमचं घर त्यात गेलं, तुमचा वाडा गेला, तुमचं बालपण अनोळखी शेजाऱ्यांत गेलं आणि तुमच्या आईच्या बोलण्यात ते पाणी जन्मभर होतं. वाईला असलात तरी हे तुमच्यावरच गुदरलं. फक्त पाटाची गोष्ट सांगताना ‘मला असं दिसतं’ म्हणा. नातवंडांना तेवढा फरक कळतो आणि त्यांना तो आवडतोही.

मी ताईंना एक काम दिलं होतं. तिन्ही भावंडांनी एकत्र बसून, पण एकमेकांचं न बघता, वाड्याचा नकाशा काढायचा. बुधवारी ते झालं. तीन कागदांचे फोटो त्यांनी मला पाठवले. भावाने जिना डावीकडे काढला आहे, बहिणीने उजवीकडे. ताईंच्या कागदावर जिना चौकाच्या बरोबर मधोमध आहे, जो कुठल्याच वाड्यात नसतो. मूल खाली बघताना त्याला जसा दिसेल तसा. आड मात्र तिघांचाही एकाच कोपऱ्यात. आडाशेजारच्या खोलीवर भावाने एक आडनाव लिहिलं आहे. ते वाचून बहीण म्हणाली, त्यांची सून सांगलीला असते, अजून आहे, नव्वदीला टेकली असेल.

नंबर मिळाला आहे. रविवारी सकाळी तिघं मिळून फोन करणार आहेत. वाईचं ती सांगू शकेल की नाही, कुणास ठाऊक. पण जिना कुठल्या बाजूला होता हे तिला माहीत असणार, रोज तोच चढायची. आणि पाट कुणाच्या घरचा होता, हेही ताई विचारणार आहेत.