दुकान नवं झालं, पण गिऱ्हाईक दारातच अडलं!

बंगळुरूच्या पूर्वेला के. आर. पुरम रेल्वे स्टेशनजवळ तारांनी तोलून धरलेला एक पूल आहे. लोक त्याला झुलता पूलच म्हणतात. तिथून जवळच्या टिन फॅक्टरी चौकातून बाह्य वर्तुळाकार रस्ता सिल्क बोर्डाच्या दिशेने निघतो. अंतर सतरा-अठरा किलोमीटर. पण संध्याकाळच्या गर्दीत सापडलात, तर तेवढ्या वेळात पुण्याचा माणूस लोणावळ्याला जाऊन चिक्की घेऊन मोकळा होईल! त्यात या रस्त्यावर मेट्रोचं काम निघालं आणि कडेने पत्रे उभे राहिले. पत्र्यांमागे दुकान गेलं की दुकानदार काय करतो? ‘दुकान चालू आहे, रस्ता इकडून’ अशी पाटी लावतो. रोजचं गिऱ्हाईक चुकून पुढे निघून गेलं, तर ते परत येईलच असं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

याच रस्त्यावर फ्लिपकार्टचं मुख्यालय आहे. हिच्या दुकानाला शटर नाही की गल्ला नाही, सगळा कारभार पडद्यावर. अशा दुकानाची मांडणी बदलायची, म्हणजे चालू वेबसाइट मोडून नवी बांधायची, तर ती पाटी कुठे लावायची? हा धडा बंगळुरूच्या कंपन्यांनी बरीच किंमत मोजून घेतला.

मिंत्रा हे नाव आज कॉलेजात जाणाऱ्या मुलींपासून त्यांच्या आयांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. कंपनी २००७ साली निघाली ती नावं छापलेल्या भेटवस्तू विकायला. पुढे तिने कपड्यांचा धंदा धरला आणि मे २०१४ मध्ये फ्लिपकार्टने तिला विकत घेतलं. वर्षभरातच, १५ मे २०१५ रोजी, मिंत्राने एक धाडस केलं. वेबसाइटच बंद करून टाकली! यापुढे खरेदी फक्त मोबाइलच्या ॲपवर. संगणकावर पत्ता टाकणाऱ्याला ‘ॲप उतरवून घ्या’ एवढाच निरोप मिळायचा.

हिशेब वरवर चुकीचा नव्हता. सुमारे ७० टक्के विक्री मोबाइलवरूनच होत होती. मग उरलेल्यांसाठी दुसरं दुकान कशाला सांभाळायचं? पण उरलेले म्हणजे कोण, हा प्रश्न टक्क्यांत दिसत नाही. साडीचा काठ मोठ्या पडद्यावर निरखून पाहणारी बाई त्यात असते. फोनमध्ये जागाच उरली नाही म्हणून नवं ॲप न घेणारा असतो. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत संगणकावरच मुलाचे बूट शोधणाराही असतो. शंभरातली तीस गिऱ्हाइकं ‘तुम्ही तिकडच्या दाराने या’ म्हणून परत पाठवायला कापड बाजारातला कुठलाही शेटजी तयार झाला नसता.

शेवटी वर्षभराने, १ जून २०१६ रोजी, मिंत्राची वेबसाइट पुन्हा उघडली. तेव्हा कंपनीला घरसजावट आणि दागिन्यांचा पसारा वाढवायचा होता, महिला ग्राहक वाढवायच्या होत्या आणि त्यासाठी मोठा पडदा हवा होता. आपला निर्णय जाहीरपणे मागे घ्यायलाही हिंमत लागते. ती या कंपनीने दाखवली, हे मान्य केलं पाहिजे.

खुद्द फ्लिपकार्टनेही २०१५ मध्ये फोनच्या ब्राउझरवर चालणारी आपली साइट बंद केली होती. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘फ्लिपकार्ट लाइट’ या नावाने ती परत आणली आणि नुसती परत न आणता पार नव्याने बांधली. ॲप उतरवायची गरज नाही, जागा अडवत नाही, नेट हळू असलं तरी उघडते. ती वापरणाऱ्यांपैकी ६३ टक्के लोक टू-जी जोडणीवरून येत होते! या नव्या साइटवर माणसं आधीपेक्षा तिप्पट वेळ रमू लागली. तिचं चिन्ह फोनच्या पहिल्या पानावर ठेवून तिथून येणाऱ्यांमध्ये प्रत्यक्ष खरेदी करणाऱ्यांचं प्रमाण ७० टक्क्यांनी जास्त निघालं. यात रंगरंगोटीचा भाग थोडा. साइट कोणाच्या हातातल्या कुठल्या फोनवर उघडणार, याचा विचार आधी झाला होता.

असे फटके साहेबाच्या देशातही बसले आहेत. मार्क्स अँड स्पेन्सर या जुन्या ब्रिटिश कंपनीने फेब्रुवारी २०१४ मध्ये नवी वेबसाइट उघडली. खर्च १५ कोटी पौंड! पण जुन्या ग्राहकांना आपली नोंदणी पुन्हा करायला लावली. एप्रिल ते जून या तिमाहीत ऑनलाइन विक्री ८.१ टक्क्यांनी घसरली. वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकाला दुकानदाराने ‘आपण कोण?’ विचारलं, तर दुसरं काय होणार?

याच्या उलट गोष्ट अमेरिकेतली. जॅरेड स्पूल या सल्लागाराने ती २००९ मध्ये लिहिली, दुकानाचं नाव मात्र गुप्त ठेवलं. सामान टोपलीत भरून झालं की पैसे देण्याआधी एक छोटा चौकोन समोर यायचा. ईमेल लिहा, पासवर्ड लिहा, नाहीतर नवी नोंदणी करा. यामुळे कामं सोपी होतील, असं बनवणाऱ्यांना वाटत होतं. स्पूलच्या माणसांनी गिऱ्हाइकांना शेजारी बसवून खरेदी करायला लावली, तेव्हा खरा प्रकार कळला. नवे लोक वैतागायचे, ‘मला वस्तू हवी आहे, नातं नको!’ जुन्यांना पासवर्ड आठवायचा नाही. तो विसरल्याच्या विनंत्या दिवसाला १ लाख ६० हजार यायच्या आणि त्यातले तीन चतुर्थांश लोक खरेदी पुरी न करताच निघून जायचे. उपाय एवढाच केला, की नोंदणीचं बटण काढून तिथे ‘पुढे चला’ हे बटण ठेवलं आणि खाते उघडण्याची सक्ती नाही असं लिहिलं. खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. वर्षभरात ३० कोटी डॉलरची जादा विक्री झाली.

भाषेचंही तसंच. २०२० च्या ऑक्टोबरात महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने फ्लिपकार्ट आणि ॲमेझॉनकडे मराठीची मागणी लावून धरली. २०२१ मध्ये दोन्ही दुकानं मराठीत आली. फ्लिपकार्टने काही शब्दांचं भाषांतर केलं, तर रुळलेले इंग्रजी शब्द नुसते देवनागरीत लिहिले. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण ‘भ्रमणध्वनी’ शोधणारं गिऱ्हाईक कोणी पाहिलं आहे?

कोट्यवधींचे हे व्यवहार बाजूला ठेवू. के. आर. पुरमच्या पीठगिरणीवाल्यापासून सांगलीच्या हळद व्यापाऱ्यापर्यंत अनेकांची आता चार-सहा पानांची का होईना, वेबसाइट असते. पाच-सात वर्षांनी ती जुनाट दिसू लागते. कोणी ओळखीचा मुलगा ‘काका, एकदम नवी करून देतो’ म्हणतो. काका खूश. मग महिनाभराने लक्षात येतं, की फोन वाजायचे थांबले आहेत!

बहुतेक वेळा कारण साधं असतं. जुन्या पानांचे पत्ते नव्या साइटवर बदललेले असतात. गुगलला, जुन्या गिऱ्हाइकांना, कोणी कुठे जपून ठेवलेल्या दुव्यांना माहीत असतो तो जुनाच पत्ता. तिथे गेलं की ‘पान सापडत नाही’. जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला आपोआप नव्या पानावर नेण्याची सोय करता येते. काम एखाद-दुसऱ्या दिवसाचं, पण ते मागितल्याशिवाय होईलच असं नाही. पत्र्यांवरची ‘रस्ता इकडून’ पाटी म्हणजे हीच.

दुसरं म्हणजे फोन नंबर. चकचकीत चित्रांच्या नादात तो तळाशी ढकलला जातो. साइट उघडण्याआधी पाच अनोळखी माणसांच्या हाती फोन द्यावा, ‘यावरून अर्धा किलो हळद मागवा’ एवढंच सांगावं आणि तोंडातून शब्द न काढता बघत बसावं. पाच माणसांतच बहुतेक चुका उघड्या पडतात, असं याकोब नील्सन या तज्ज्ञाने २००० सालीच लिहून ठेवलं आहे. गप्प बसणं तेवढं जड जातं!

आणि पैसे चुकते करण्याआधी काकांनी एक कागद जरूर मागून घ्यावा. वेबसाइटचा पत्ता कोणाच्या नावावर नोंदला आहे, तो दर वर्षी कोण नवा करतो आणि त्याचा पासवर्ड कोणाकडे आहे. मुलगा उद्या नोकरीसाठी दूर गेला, तर दुकानाची किल्ली त्याच्या खिशात जायला नको.