जुन्या बसचे घर

बंगळूरच्या बसवनगुडीत राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टी आपोआप अंगवळणी पडतात. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी नंदीच्या देवळापाशी भरणारी शेंगांची जत्रा, जिला येथे कडलेकाई परिशे म्हणतात, ही एक. आणि पहाटेपासून घरासमोरून जाणाऱ्या शहर-बसगाड्यांची घरघर, ही दुसरी. आमच्या भाऊजींना या दुसऱ्या गोष्टीने वेड लावले. सेवानिवृत्त झाल्यावर एके सकाळी ते आमच्याकडे आले आणि चहाची कपबशी खाली ठेवण्यापूर्वीच म्हणाले, "अरे, एक जुनी बस घ्यावी म्हणतो. आत पलंग, ओटा, मोरी. मी आणि तुझी ताई, वाटेल तिथे मुक्काम!" ग्रॅच्युइटीची रक्कम बँकेत होती, तिच्यातली निम्मी या बसमध्ये घालण्याचा त्यांचा बेत होता. ताई काही बोलली नाही. तिने केवळ माझ्याकडे पाहिले. सरकारी नोकरीतल्या भावाचा घराला उपयोग म्हणजे कागद वाचण्यापुरता, हे मी जाणून आहे; म्हणून मी कागद वाचावयास बसलो.

कल्पना मुळात वेडगळ नव्हती. बारा मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद अशी बस आतून जवळजवळ अडीचशे चौरस फुटांची होते. त्यात माणूस ताठ उभा राहू शकतो. लहान व्हॅनमध्ये कंबर वाकवूनच वावरावे लागते. शिवाय साठ उतारू, दर माणशी पासष्ट किलो धरले, तरी जवळजवळ चार टन भार जी गाडी रोज वाहते, तिला एका जोडप्याचा संसार जड नाही.

पण शहर-बस शहरासाठीच घडवलेली असते, हे विसरून चालत नाही. दर चारपाचशे मीटरवर थांबावयाचे आणि पुन्हा सुटावयाचे, या हिशेबाने तिच्या गतिचक्रांची मांडणी केलेली असते. लांबच्या सपाट रस्त्यावर तिचे इंजिन उगाच ओरडत राहते. २००६ साली बंगळूरच्या महानगर परिवहन महामंडळाने व्होल्वोच्या खाली जमिनीच्या बसगाड्या आणल्या. चढण्याउतरण्यास त्या फार सोयीच्या; परंतु पायाखाली सामानाचा कप्पाच नाही, मग पाण्याची टाकी ठेवावयाची कोठे? जे.सी. रोडवर, जेथे मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने रांगेने आहेत, तेथे एका वयोवृद्ध मिस्त्रींनी भाऊजींना सांगितले की, बस घेताना आसने पाहू नका, गाडीखाली शिरा. पावसाचे पाणी जमिनीच्या पत्र्याखाली मुरते, प्लायवूड कुजते, आडव्या लोखंडाला गंज चढतो. पेचकस टोचून पाहावा. तो आत गेला तर निमूटपणे घरी परतावे.

तथापि गंजापेक्षा कायदा कठीण निघाला. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली. तिच्यानुसार केंद्र व राज्य सरकारे, स्थानिक संस्था आणि राज्य परिवहन उपक्रम यांच्या मालकीची जी वाहने पंधरा वर्षांची झाली, त्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून होत नाही. ती नोंदणीकृत मोडणी केंद्रातच जावयाची. म्हणजे तुमच्याआमच्या ओळखीची लाल एस.टी. वयाची पंधरा वर्षे ओलांडल्यावर रस्त्यावर चालणारी गाडी म्हणून कोणालाही विकत मिळणे नाही. त्याहून कमी वयाची बस लिलावात आली, तरी ती नोंदणीसह विकली जात आहे की नोंदणी रद्द करून भंगार म्हणून, हे अटींच्या कागदात शोधून वाचले पाहिजे. नोंदणी गेली की ती गाडी राहत नाही. ते केवळ लोखंड.

भाऊजी हिरमुसले. पण हिरमुसण्याआधी ते म्हणाले, "मग लोक जुन्या बसचे एवढे काय काय करतात ते?" प्रश्न रास्त होता. पुण्यात २०१६ पासून जुन्या बसगाड्यांची स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे करण्यात आली. बंगळूरच्या केंपेगौडा बसस्थानकावर २०२० साली तसाच उपक्रम झाला. आणि त्याच वर्षी मुन्नारच्या आगारात केरळच्या परिवहन महामंडळाने जुन्या बसमध्ये पर्यटकांसाठी निजण्याची सोय केली. या साऱ्या बसगाड्या एका जागी उभ्या केलेल्या. उभ्या बसला रस्त्यावरील वाहनाचे नियम आड येत नाहीत. ज्याच्यापाशी शेताचा तुकडा आहे, त्याला हा मार्ग मला तरी सर्वांत शहाणपणाचा वाटतो. भाऊजींपाशी शेत नाही; तिसऱ्या मजल्यावर गच्ची आहे.

उरला खाजगी मालकीचा मार्ग. कारखान्याची अथवा शाळेची लहान बस घेता येते. सरकारी वाहनांची ती पंधरा वर्षांची मर्यादा तिला लागू नाही. परंतु मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे वाहनात मूळ नोंदीशी विसंगत असा फेरबदल मंजुरीवाचून करता येत नाही. केलेला फेरबदल चौदा दिवसांत कळवावा लागतो. फिरते घर कशास म्हणावे याचे मानकही आहे: बैठक व मेज, निजण्याची जागा, स्वयंपाकाची सोय आणि सामानाचे कप्पे, सारे गाडीला पक्के जडवलेले. आणि चालक? हलक्या वाहनाचा परवाना साडेसात हजार किलो एकूण वजनापर्यंतच चालतो. मोठी बस त्याच्या दुप्पट जड. भाऊजींचा परवाना स्कूटर आणि मोटारीचा! आधी सुतार बोलावून मागाहून अर्ज करणे म्हणजे पैसे लाकडात अडकवून खिडकीशी उभे राहणे होय. तशी माणसे मी माझ्या मेजापलीकडे बरीच पाहिली आहेत.

विजेचा हिशेब मात्र भाऊजींनी स्वतः केला, आणि उत्तम केला. तीस वॉटचा पंखा आठ तास, म्हणजे २४० वॉट-तास, दिव्यांचे १००, लहान शीतकपाट सरासरी चाळीस वॉट धरून दिवसरात्रीचे ९६०. बेरीज १३००. मोठ्या बसची वीजव्यवस्था चोवीस व्होल्टची. शंभर अँपिअर-तासांच्या बॅटऱ्यांत २४०० वॉट-तास साठतात. पण शिशाच्या बॅटऱ्या निम्म्याहून अधिक उपसल्या तर लवकर मरतात, म्हणजे हाती १२०० च. एक ढगाळ दिवस आला की दूध नासले. गॅसच्या बाबतीत ताईने जी खबरदारी सुचवली ती कोणत्याही मिस्त्रीने सुचवली नव्हती: स्वयंपाकाचा वायू हवेहून जड, तो खाली साचतो, तेव्हा झरोका छताशी असून पुरत नाही, जमिनीलगतही हवा.

सध्या भाऊजींनी एका खाजगी शाळेच्या लहान बसची किंमत विचारून ठेवली आहे आणि बेणाऐवजी मंजुरीचा अर्ज आधी नेला आहे. उत्तर यावयाचे आहे. दरम्यान त्यांनी गच्चीवर खडूने बसचा पूर्ण आकार आखला: सात मीटर लांब, दोन मीटर वीस रुंद. पलंगाच्या जागी चटई, ओट्याच्या जागी पाट. संध्याकाळी आम्ही चौघे त्या रेघांच्या आत बसून परिशेच्या शेंगा सोलतो. ताईने एकदा उठून पाहिले, आणि मोरीचे दार पलंगावर आपटते हे तिलाच दिसले. भाऊजींनी ओल्या फडक्याने रेघ पुसली आणि दार दुसऱ्या बाजूला काढले.